गळ्याइतकं पाणी

पाणी निळं नसतं, ही गोष्ट मला लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेल्यावर कळली. कळली म्हणजे नवऱ्याने समजावून दिली. मी गॅसपाशी उभी, एका हातात झारा, आणि हा दारात उभा राहून सांगतोय, की पाण्याला स्वतःचा रंग नसतोच, दिसतो तो तळाचा, नाहीतर आकाशाचा. मी म्हटलं, बरं झालं सांगितलंस, इतकी वर्षं मी उगाच पाण्याला नावं ठेवत होते.

माझा नवरा दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावल्यावर माणसाला संध्याकाळी मोकळ्या हवेत जावंसं वाटेल. याला वाटत नाही. हा घरी येतो, कपाळाला दिवा बांधतो आणि बोटाएवढ्या सैनिकांच्या तोंडात डोकावतो. रणगाडे, तोफा, ट्रक, सगळं पस्तीसपट लहान. फळीवर डोंगर करायचा, चिखल करायचा, त्यात गाडी रुतवायची आणि त्याला डायोरामा म्हणायचं. दर पंधरवड्याला याचे सगळे सरसेनापती आमच्या बैठकीत जमतात. एक विमा विकतो, एक गणित शिकवतो, एकाचं चष्म्याचं दुकान आहे. बोलणं ऐकाल तर वाटेल, उद्याच चढाई आहे. यांच्यातल्या एकालाही घरातलं झुरळ मारता येत नाही, हे मला त्यांच्या बायकांनी सांगितलंय.

हे सगळं मी सोसत होते. पण मग याच्या डोक्यात बाबांची नदी आली, आणि तिथे माझं डोकं फिरलं.

बाबा म्हणजे माझे वडील. तरुणपणी लष्करात ट्रकवर होते, नंतर शाळेची बस चालवली, आता आत्याकडे राहतात आणि काहीच चालवत नाहीत. गुडघे गेले, डोळे अधू झाले, मित्र एकेक करून गेले. त्यांच्याकडे उरलेली एकच वस्तू म्हणजे नदीची गोष्ट. पूल पडलेला, पलीकडे जखमी, गाडीत औषधं, वरून गोळ्या. जोडीदार स्टिअरिंगवर, आणि बाबा पाण्यात उतरून, काठीने तळ चाचपत, गाडीला वाट दाखवत पुढे. 'आणि पाणी?' असं कुणीतरी विचारायचं. मग बाबा हाताची कड गळ्याला लावायचे आणि म्हणायचे, 'इथपर्यंत!' आमच्या घराण्यातली पोरं बोलायला शिकायच्या आधी तो हात करायला शिकली. शाळेत माझ्या वर्गात कुणाचे वडील साहेब होते, कुणाचे व्यापारी. माझे वडील गळ्याइतक्या पाण्यात होते. मला दुसरं काही लागलं नाही.

तर बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला सगळ्या गोतावळ्यासमोर त्यांना ही नदी भेट द्यायची, असं जावयाने ठरवलं. मला भरून आलं. नवऱ्याबद्दल असं फारसं होत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवते.

मग त्याने पट्टी काढली.

'अगं, हे जमत नाही,' तो म्हणाला. टेबलावर ट्रक होता, आणि ट्रकपुढे हात वर करून उभे असलेले बोटभर बाबा. त्याने पट्टी त्या बाबांना लावली, मग ट्रकला लावली. 'यांच्या गळ्यापर्यंत पाणी धरलं, तर बॉनेटच्या वर पाणी जातं. इंजिन बंद. गाडी तिथेच थांबली असती.'

'मग?'

'मग पाणी गुडघ्याच्या जरा वर असणार. फार तर निम्म्याहून थोडं जास्त चाक बुडेल इतकं.'

'बाबा खोटं सांगतात असं म्हणायचंय तुला?'

'मी कुठे म्हणतोय? ट्रक म्हणतोय.'

आता तुम्हीच सांगा. माणूस ऐंशीचा. सगळे नातेवाईक जमलेले. कापड काढलं जाणार आणि खाली गुडघाभर पाण्यात बाबा, जणू काही पाय धुवायला उतरलेत. आणि हे कुणी केलं, तर जावयाने. मी त्याला समजावलं, रागावले, दोन दिवस बोलले नाही. पालथ्या घड्यावर पाणी. 'अगं, एकदा खोटं पाणी ओतलं, की सगळाच देखावा खोटा होतो,' हे त्याचं उत्तर. खोट्या ट्रकपुढे खोटा माणूस उभा करून, दोन बाटल्यांतलं चिकट रसायन ओतणारा हा सत्यवादी!

त्याचं ते ओतणं मात्र बघण्यासारखं असतं, हे कबूल करायला हवं. आधी तळ रंगवला, मधे गडद, काठाला फिकट, त्यात चाळलेली वाळू आणि खडे. कडेने पट्ट्या लावून बांध घातला. मग दोन बाटल्यांतलं रेझिन माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून एकत्र केलं, त्यात हिरवट मातकट रंग टाचणीच्या टोकाने सोडला, आणि सावकाश घोटलं, कारण जोरात घोटलं की बुडबुडे येतात. ओतायचं ते पातळ थरात. एक थर सुकला की दुसरा. वर आलेले बुडबुडे माझ्या केसांच्या ड्रायरने फोडायचे. माझे केस आता वाऱ्यावर वाळतात. शेवटी चाकांपाशी पारदर्शक जेलच्या बारीक लाटा आणि ब्रशच्या टोकाने पांढरा फेस. सगळं झाल्यावर मी बघायला गेले आणि क्षणभर माझा राग गेला. तळातले खडे दिसत होते. पाणी थांबलेलं होतं आणि तरी ते वाहतंय असं वाटत होतं. आणि त्या इतक्या सुंदर पाण्यात माझे बाबा गुडघाभर.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तो दवाखान्यात गेला, आणि मी ठरवलं की नदीला पूर आणायचा.

अवघड ते काय? दोन बाटल्या, काटा, घोटणं, सगळं बघून पाठ झालं होतं. शिवाय माझ्यात त्याच्यापेक्षा जास्त व्यवहारज्ञान आहे, असं मी धरून चालते. आधी पाण्यावर धूळ दिसली म्हणून फर्निचरच्या पॉलिशने ते लख्ख पुसून घेतलं. मग बांध उंच केला. थर म्हणे पातळ हवा! पाहुणे उद्या येणार आणि मी काय थर मोजत बसू? दोन्ही बाटल्या रिकाम्या केल्या आणि बोटभर बाबांच्या गळ्यापर्यंत एकदम ओतलं. बॉनेट बुडालं. बाबा गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले. मी हात झटकले आणि चहा टाकला.

चहा उकळायच्या आत नदी उकळायला लागली. खोटं नाही सांगत, वाफ येत होती. हात लावला तर चटका. हे रसायन जाड ओतलं की आतल्या आत तापतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं असेल, पण मी त्याचं सगळं ऐकत बसले तर घर कोण चालवणार? बघता बघता पाणी पिवळं पडलं, कडेला बांध फुगून ओघळ टेबलावर आले, आणि मग मधोमध एक आवाज झाला. कट्. काठापासून काठापर्यंत तडा.

नवरा आला, दिवा कपाळाला बांधून बराच वेळ बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

'पॉलिशने पुसलंस?'

'धूळ होती.'

'मग वरचा थर खालच्याला चिकटलेलाच नाही,' तो म्हणाला, आणि दिवा काढून ठेवला. 'उपटावं लागेल. पण आत्ता उपटलं तर सगळंच मोडेल.'

'उपटू नकोस. राहू दे पूर.' मी त्याचा हात धरला. 'प्लीज. उद्याचा दिवस.'

त्याने फळीवर कापड टाकलं. माझ्यासाठी त्याने एवढंच केलं, आणि ते त्याला किती जड गेलं हे मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी आत्याची बैठक माणसांनी भरली. केक कापला. आत्याने कापड काढलं आणि सगळे 'वा वा' म्हणाले. आमच्या लोकांचं हे एक बरं आहे, भेट म्हणून दगड दिला तरी वा वा म्हणतात. ट्रकचं टप आणि काचा तेवढ्या वर, बाकी सगळा पिवळट काढा, मधे तडा, आणि त्यात बाबांचं मुंडकं आणि वर केलेला हात. नवरा भिंतीकडे बघत होता. सरसेनापतींपैकी कुणाला बोलावलं नव्हतं, ही देवाची कृपा.

'दादा, सांग रे परत,' आत्या हौसेने म्हणाली. 'पाणी कुठपर्यंत होतं?'

पोरांचे हात आधीच गळ्याशी गेले होते. बाबांचा गेला नाही. ते खुर्ची पुढे ओढून, चष्मा कपाळावर सारून, अगदी जवळून बघत होते. त्यांचं बोट तड्यावर फिरलं. नख आत गेलं.

'बाबा, राहू दे,' मी म्हटलं.

त्यांनी नख वर केलं आणि अर्धी नदी सुटून हातात आली. त्या पिवळ्या ढेपेत रुतलेले बोटभर बाबा गुडघ्यापासून मोडून वर आले. खाली नवऱ्याचं पाणी तसंच होतं, नितळ, तळाच्या खड्यांसकट, आणि त्यात उभे दोन तुटके पाय.

कुणी हसलं नाही. मला वाटलं, आता जमीन फाटेल तर बरं.

'डॉक्टर,' बाबा जावयाला म्हणाले, 'हे खालचं पाणी तुम्ही केलंत?'

'हो.'

'आणि वरचं?'

'वरचं मी,' मी म्हटलं.

बाबांनी मान डोलावली. हातातली ढेप मांडीवर ठेवली. 'पाणी एवढंच होतं.'

'अरे, काहीतरीच काय दादा,' आत्या म्हणाली. 'गळ्यापर्यंत होतं. तू इतकी वर्षं सांगतोयस.'

'गळ्यापर्यंतच होतं. ते खोटं नाही.' बाबा म्हणाले. 'मी खाली बसलो होतो.'

'बसला होतास? पाण्यात? का?'

'उठवेना.'

एवढंच म्हणाले. मग त्यांनी पुढचं सांगितलं, आमच्याकडे न बघता, त्या पाण्याकडे बघत. गोळ्या जवळून जायला लागल्या, तसे पायच गेले. गाडीच्या पुढ्यात, नदीच्या मधोमध, ते फतकल मारून बसले आणि कानांवर हात घेतले. मागे जोडीदार हॉर्न वाजवतोय. त्याने हाका मारल्या. शेवटी तो गाडीतून उतरला, त्या सगळ्या गोळ्यांत, पाण्यातून चालत आला आणि काखेत हात घालून त्याने यांना उचललं, कॅबिनमध्ये कोंबलं. गाडी त्यानेच पलीकडे काढली.

'पलीकडे साहेबांनी विचारलं, हा एवढा भिजला कसा? तर जोडीदार म्हणाला, साहेब, पाणी याच्या गळ्यापर्यंत होतं, तरी पुढे चालला.' बाबांनी चष्मा खाली घेतला. 'खोटं एक अक्षर बोलला नाही. मी बसलोय, तेवढं फक्त गाळलं. मी नुसतं हो म्हणालो. मग म्हणतच राहिलो.'

मला रडू आलं आणि रागही आला. राग बाबांचा नाही. माझा. इतकी वर्षं तो हात गळ्याशी नेताना त्यांना काय होत असेल, हे मी कधी विचारलं नव्हतं, उलट दर वेळी मीच टाळ्या पिटायला पुढे. आत्या केकचा चमचा हातात धरून तशीच बसली. पोरांनी गळ्यावरचे हात केव्हाच खाली घेतले होते.

आणि अशा वेळी माझा नवरा, ज्याला कधी काय बोलावं याची अक्कल नाही असं मी सगळ्यांना सांगत आलेय, खुर्ची ओढून बाबांच्या शेजारी बसला. 'कुठे बसला होतात?' त्याने विचारलं. 'गाडीपासून किती लांब?'

बाबांनी बोट ठेवलं.

पुढच्या आठवड्यात बाबा आमच्याकडे आले. नवऱ्याने उरलेला पूर कणाकणाने खरवडून काढला होता, तुटके पाय कोरून काढून तिथे खळगा केला होता. त्यात त्याने नवा माणूस बसवला, फतकल मारून, कानांवर हात. भोवती पातळ थर ओतला. ते थरही मोजूनच, आणि या वेळी मी काट्याला हात लावला नाही. सुकल्यावर त्याने पट्टी लावून बघितलं. पाणी बरोबर गळ्यापर्यंत आलं होतं.

जोडीदार अजून बसवायचा होता. नवऱ्याने चिमट्याने त्याला गाडीच्या दारापाशी धरलं, नुकताच उतरलेला, एक हात पुढे केलेला.

'इथे?'

'जवळ घ्या,' बाबा म्हणाले.

नवऱ्याने दोन चाकांएवढं अंतर सरकवलं.

'अजून जवळ. तो तिथे नव्हता थांबला.'