अंगाईची भीती

उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसणाऱ्या टोळीचं सामान माझ्या ताब्यात असतं. दोऱ्या, बसायच्या फळ्या, बादल्या, कमरेचे पट्टे. प्रत्येक माणसाला मी दोन दोऱ्या देते. एक कामाची, तिच्यावर फळी लटकते. दुसरी जिवाची. पट्ट्याला लांब लाल पट्टीचा हुक असतो, तो या दुसऱ्या दोरीत अडकवायचा, म्हणजे पहिलीने दगा दिला तरी माणूस खाली येत नाही. शेंबड्या पोरालाही समजेल इतकं सोपं आहे.

पण आमच्या टोळीत हुक कोणी लावत नाही. सगळ्यांच्या कमरेला तो दागिन्यासारखा लटकत असतो. साहेब पाहणीला येणार असले की सगळे अगदी गुणी बाळं होतात, आणि साहेबांची गाडी कोपऱ्यावर वळली की हुक सुटतात. मधेच एखाद्याने लावलाच, तर बाकीचे वरून अंगाई म्हणायला लागतात. विनोद नाही करत मी. आठव्या मजल्यावर लटकलेली, मिशा राखलेली, बायकापोरांची माणसं हातात साबणाचं फडकं घेऊन सुरात अंगाई गातात, आणि रस्त्यावरचे लोक माना वर करून हसतात. एवढ्याशा गोष्टीला भिऊन माणसं जिवावर उदार होतात.

राग मला पहिल्यापासूनच यायचा. पण धाकट्या भावाचं दुकान बसलं, मीच रदबदली करून त्याला या टोळीत चिकटवलं, आणि मग हा राग माझ्या घरात येऊन बसला. पहिल्या दिवशी त्याने हुक लावला. अंगाई झाली. दुसऱ्या दिवशी त्याने लावला नाही.

जेवताना मी त्याला फैलावर घेतलं.

"कोणीच लावत नाही, ताई. मी एकटाच कसा लावू?"

"बाकीच्यांना काय पंख फुटलेत?"

"तुला नाही कळायचं. वर गेल्यावर वेगळं असतं."

"काय वेगळं असतं? जमीन मऊ होते?"

भावजय पोरांना भरवता भरवता थांबली. "वन्सं, तुम्हीच काहीतरी करा हो. माझं ऐकत नाहीत," म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

आणि खरी चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. ही सगळी शूर माणसं एकेकटी माझ्या सामान द्यायच्या खिडकीशी येतात. लंबू येतो, खाली मान घालून विचारतो, "दोरी पक्की आहे ना, बाई? मला पडल्याची स्वप्नं पडतात. पण बाकीच्यांना काही वाटत नाही, मग मीच कसा भित्रा ठरू?" जावई येतो. कामावरसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून येतो म्हणून त्याचं नाव जावई. तो म्हणतो, "मी लावला असता हो, पण हे लोक जगू देणार नाहीत." चष्मा येतो, तोही तेच म्हणतो. आणि एक दिवस खुद्द मुकादम आला.

"गुडघे थरथरतात हल्ली," तो हळूच म्हणाला. "पण मी हुक लावला तर पोरांचा धीर सुटेल. माझ्याकडे बघून चढतात ती."

मी कपाळावर हात मारून घेतला. हा त्यांच्यासाठी लावत नाही, ते ह्याच्यासाठी लावत नाहीत! घाबरत सगळेच होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच घाबरतो.

मग त्या आठवड्यात लंबूच्या दोरीची गाठ सरकली. फळी तिरकी झाली, बादली खाली गेली आणि हा खिडकीच्या चौकटीला लोंबकळत राहिला, चष्म्याने ओढून घेईपर्यंत. दुपारी डबे उघडले तेव्हा त्याच गोष्टीवर सगळे हसत होते. सगळ्यात मोठ्याने लंबू हसत होता. त्याच्या हातातला घास मात्र तोंडापर्यंत नीट जात नव्हता. माझा भाऊही हसत होता, आणि तिथेच माझा संयम संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सामान देण्याआधी खिडकी सोडून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर बोलले. लंबूची स्वप्नं सांगितली. जावई काय म्हणाला, चष्मा काय म्हणाला ते सांगितलं. मुकादमाचे गुडघेही झाकून ठेवले नाहीत. "आता कळलं ना सगळ्यांना? मग लावा हुक आणि चढा!" विश्वासाने सांगितलेलं चव्हाट्यावर आणलं, मान्य आहे. त्याची मला तिळमात्र लाज वाटत नाही.

मुकादमाचे कान लाल झाले. मग तो हसला आणि म्हणाला, "बाई म्हणतात आपण घाबरतो. विचारून टाकू एकेकाला. काय रे लंबू?"

"छे!"

"जावई?"

"मी? काहीतरीच."

चष्म्याने चष्मा काढून काचा पुसायला भरपूर वेळ घेतला. मला वाटलं, हा बोलेल. एकाने जरी तोंड उघडलं असतं ना, तरी पुरलं असतं. पण त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मान हलवली, नाही म्हणून.

शेवटी माझा भाऊ. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताईचा स्वभावच तसा आहे. घरीसुद्धा पराचा कावळा करते."

सगळे खो खो हसले. ते हसणं किती सुटल्यासारखं होतं म्हणून सांगू! पाठच्या भावाने मला खोटं पाडलं होतं, तेही स्वतःचा जीव धोक्यात घालायचा हक्क मिळावा म्हणून. मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "पट्टे दिलेत ना तुम्ही? मग आपली जबाबदारी संपली." म्हणजे तिथेही तोच कारभार.

सगळे वर गेले. मला खिडकीशी बसवेना, म्हणून मी इमारतीभोवती फिरायला लागले. मागच्या बाजूला लंबू एकटाच होता. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि गुपचूप हुक अडकवला. लाल पट्टी मला खालून स्पष्ट दिसली. डाव्या बाजूला जावई, तोही एकटाच, त्याचाही हुक लागलेला. उजव्या बाजूला चष्मा, त्याने तर गच्चीवरून उतरायच्या आधीच लावला असावा. अरे लबाडांनो! मला हसू आलं, आणि हसता हसताच मी धावत सुटले, कारण आता फक्त पुढची बाजू उरली होती.

पुढच्या बाजूला काचा जास्त, म्हणून तिथे दोघे होते. मुकादम आणि माझा भाऊ, शेजारी शेजारी, हात लांबवला तर पोचेल इतक्या अंतरावर. दोघांच्याही लाल पट्ट्या कमरेखाली मोकळ्या हलत होत्या. मुकादम माझ्या भावाकडे बघून हसत होता. माझा भाऊ मुकादमाकडे बघून हसत होता.

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. मागून गाड्या भोंगे वाजवत होत्या, वाजवू देत. बेंबीच्या देठापासून ओरडले, "अरे, दोघांपैकी एकाने तरी तिकडे तोंड फिरवा रे!"

दोघांनी एकदमच खाली बघितलं. आणि मग पुन्हा एकमेकांकडे.