पिस्तुलाचं पाणी

सकाळी साडेनऊला तिने शस्त्रखोलीतलं कपाट उघडलं, ट्रे बाहेर ओढला आणि तशीच तो घेऊन खिडकीपाशी गेली. काल संध्याकाळी सुटे करून, पेट्रोलने धुऊन, फडक्याने खसखसून कोरडे केलेले पिस्तुलाचे भाग राखेत लोळवून काढल्यासारखे दिसत होते. मूळचा काळपट करडा रंग पार गेला होता. वरच्या सरकत्या भागावर तर खडूची बोटं फिरवल्यासारखे पांढुरके पट्टे.

वीस वर्षं तिने गणवेशाच्या शिवणखात्यात यंत्रं दुरुस्त केली होती. तिथला नियम एकच : यंत्रावर बाहेरून तेल दिसलं की कापड गेलंच म्हणून समजा. तेल आत घालायचं आणि वरून टिपून काढायचं, हे तिच्या हाडीमासी मुरलेलं. पण कापसाच्या धुळीने छाती धरली आणि डॉक्टरांनी बजावलं, जागा बदला, नाहीतर पुढचं माझ्या हातात नाही. शस्त्रखोलीचे उस्ताद तेव्हा निवृत्त होत होते. त्यांनीच साहेबांकडे तिचं नाव सुचवलं. तीन महिने बघू, असं साहेब म्हणाले होते. ते तीन महिने आज भरत होते. अकराला साहेब येणार, तिने साफ केलेलं एक पिस्तूल हातात घेणार आणि ठरवणार, की ही इथे राहते की परत शिवणखात्यात जाते.

आणि पिस्तूल नेमकं हे. बाकीची सगळी निळसर काळी, गुळगुळीत. हे एकच पार्कराइझ्ड, म्हणजे गरम रसायनात बुडवून खरखरीत थर चढवलेलं. इतके दिवस दुरुस्तीला गेलं होतं, ते कालच परत आलेलं.

दारावरच्या पहारेकऱ्याने आत डोकं घातलं.

"काय वहिनी, पावडर लावलीत का त्याला? लग्नाला निघालंय वाटतं!"

"भाऊजी, तुम्ही दार सांभाळा."

"सांभाळतो की. तुम्ही साहेबांना सांभाळा म्हणजे झालं."

तिने दार लोटून उस्तादांना फोन लावला.

"उस्ताद, पाणी उतरलं हो!"

"कुणाचं? पिस्तुलाचं की तुझं?"

"दोघांचंही. पेट्रोलने धुतलं, तर सगळा थर निघून गेला. पांढरंफटक पडलंय."

"रडू नकोस. नखाने खरवडून बघ. काही निघतंय का?"

तिने खरवडलं. "नाही."

"खाली चकचकीत लोखंड दिसतंय कुठे?"

"नाही दिसत."

"मग तेलाचा एक थेंब टाक आणि मला सांग."

तिने थेंब टाकला. पांढुरक्या पट्ट्यावर पावलीएवढा काळा ठिपका उमटला. "अगं बाई, उस्ताद, आता डाग पडला!"

पलीकडून उस्ताद असे हसले, की तिने फोन कानापासून लांब धरला. "डाग कसला, खुळे! प्यायलं ते. तो थर पोकळ असतो, स्पंजासारखा. तेल धरून ठेवायलाच चढवलेला असतो. तू त्याला उपाशी मारलंस, म्हणून तोंड पांढरं पडलंय. थर जागच्या जागी आहे. सगळ्या अंगाला तेल चोळ, अर्धा तास पिऊ दे, मग वरचं टिपून घे. खाचांमध्ये बोटाने पातळ हात. गोळी बसते ती जागा, गोळीला ठोका देणाऱ्या टोच्याची नळी आणि मॅगझिन मात्र कोरडं. तिथे तुझं शिवणखातं चालव."

तिने फोन ठेवला आणि बाही वर सारली. तेल फिरेल तसतसा भाग काळवंडत गेला. अर्ध्या तासाने तिने कोरड्या फडक्याने वरचं तेल टिपून घेतलं. सगळं जुळवून तिने सरकता भाग दोनदा मागे ओढून सोडला. खट्, खट्. आवाज कसा लोण्यातून आल्यासारखा.

साहेब अकराच्या ठोक्याला आले. मॅगझिन काढून, आत डोळा घालून त्यांनी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली. मग खिडकीपाशी नेऊन अंगठा घासला आणि अंगठ्याकडे पाहिलं.

"असलं पिस्तूल लोक कोरडं ठणठणीत ठेवतात," साहेब म्हणाले, "आणि मग गंजलं म्हणून माझ्याकडे घेऊन येतात. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"उस्तादांनी, साहेब." खोटं नव्हतं ते. कधी सांगितलं, हे मात्र साहेबांनी विचारलं नाही, म्हणून तिनेही सांगितलं नाही.

साहेबांनी तिच्या नेमणुकीच्या कागदावर सही केली. "सोमवारपासून खोलीची दुसरी किल्लीही तुमच्याकडे."

त्यांची पावलं जिन्यावरून उतरली, तशी ती खुर्चीत अशी बसली, की खुर्ची हातभर मागे सरकली. सकाळपासून पोटात कण नाही, हे तिला तेव्हा कळलं. तिने साबणाने हात धुतले आणि डबा उघडला.

"वहिनी, अजून बारा वाजले नाहीत!" दारातून आवाज आला.

"वाजतील की," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "जातात कुठे?"