दोन किल्ल्यांची तिजोरी

मित्रांनो, तिजोरी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे दागिने नाहीतर नोटांच्या थप्प्या येत असतील. माझ्या पोटात तसले काही नाही. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका कोर्टात, काउंटरच्या मागे भिंतीला टेकून उभी असलेली मी एक म्हातारी लोखंडी तिजोरी. कोर्टाने ठेवून घेतलेल्या लोकांच्या वस्तू सांभाळायच्या आणि कोर्ट सांगेल तेव्हा परत द्यायच्या, एवढेच माझे काम.

ज्यांनी मला घडवले त्यांनी माझ्या दाराला दोन कुलपे बसवली. एका किल्लीने मी उघडत नाही. दोन माणसे दोन किल्ल्या घेऊन एकाच वेळी समोर उभी राहिली, तरच माझे दार हलते. एकट्या माणसाच्या मनात कधी काय येईल सांगता येत नाही ना, म्हणून हा नेम. एकादशी पाळावी तसा मी तो पाळत आले. एकदा वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला. सगळ्या कपाटांतले कागद भिजले, पण माझ्या पोटातले कोरडे राहिले. तेव्हा साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. पुढे कॉम्प्युटर आले, माझा रंग उडाला आणि माझ्या डोक्यावर चहाचे मग राहू लागले. मला त्याचे वाईट वाटले नाही.

ही जागा म्हणजे कोर्टाची रजिस्ट्री. इथे दोन तऱ्हांची प्रकरणे येतात. दिवाणी प्रकरण माणूस स्वतः घेऊन येतो. कुणाचे कुंपण शेजाऱ्याने सरकवलेले असते, कुणाच्या नव्या घराचे छत गळत असते. क्लार्क कागदावर शिक्का मारतो, नंबर देतो आणि समोरच्याला उत्तर देण्यासाठी मुदत देतो. फौजदारी प्रकरण पोलीस आणतात. त्याला क्लार्क तारीख लावतो. आरोपी जामिनावर सुटणार असेल तर अटी समजावून त्याची सही घेतो. पळून जाऊ नये म्हणून कधीकधी पासपोर्ट जमा करायला लावतात. तो माझ्या खणात येतो.

माझी एक किल्ली डोरीनकडे होती आणि दुसरी ग्लेनकडे. डोरीन मूळची वसईची. कामाला बसण्याआधी ती हळूच क्रुसाची खूण करी. ग्लेन इथलाच, जाडजूड आणि हसरा. दोघे मला उघडायला आले की डोरीन म्हणे, "ही अगदी माझ्या सासूबाईंसारखी. दोघांनी मनवल्याशिवाय तोंड उघडायची नाही." ग्लेनला सासूबाई हा शब्द एव्हाना पाठ झाला होता. "मॉर्निंग, सासूबाई," असे म्हणून तो किल्ली फिरवी.

त्या वर्षी यतिनचा पासपोर्ट माझ्याकडे आला. यतिन मिरजेचा. शिकायला म्हणून आला आणि इथेच राहिला. बायको मयूराबरोबर जवळच्याच टार्निटला राहायचा, ट्रुगानिनाच्या एका गोदामात शिफ्ट करायचा. एका पहाटे शिफ्टवरून गाडीने परतताना त्याचा डोळा लागला आणि गाडी एका सायकलवाल्यावर गेली. तो माणूस वाचला, पण त्याचा पाय गेला. यतिनने काही नाकारले नाही. पासपोर्ट काउंटरवर ठेवून त्याने डोरीनला विचारले,

"आंटी, परत मिळेल ना?"

"मिळेल रे. केस संपली की लगेच," डोरीन म्हणाली. "आणि काउंटरवर आंटी नको म्हणूस, ग्लेन हसतो."

मग करोना आला. कोर्टाची दारे बंद झाली, सुनावण्या पडद्यावर होऊ लागल्या. तुरुंगात असलेल्यांच्या केसेस आधी घ्यायच्या, बाहेर असलेल्यांनी थांबायचे, असे ठरले. ते योग्यच होते. पण यतिन बाहेर होता, त्यामुळे त्याची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली.

रजिस्ट्रीतल्या माणसांचेही दोन गट पाडले. एका आठवड्याला एक गट येणार, दुसऱ्याला दुसरा. एका गटाला लागण झाली तर दुसऱ्याने काम चालवायचे. दोन गटांनी पार्किंगमध्येसुद्धा भेटायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. दोन्ही गटांत एकेक अनुभवी माणूस हवा, म्हणून डोरीन एका गटात गेली आणि ग्लेन दुसऱ्यात. किती विचारपूर्वक केले होते सगळे! माझी आठवण मात्र कुणालाच झाली नाही. माझ्या दोन किल्ल्या दोन आठवड्यांत वाटल्या गेल्या.

थंडी सरत आली होती, तेव्हा तिकडे मिरजेत यतिनची आई अंथरुणाला खिळली. हृदय थकले होते. डॉक्टरांनी, ज्यांना बोलवायचे त्यांना बोलवा, असे सांगितले. यतिनने देशाबाहेर जायची सरकारी परवानगी मिळवली, दिल्लीला जाणाऱ्या खास विमानात जागा मिळवली. जामिनाची अट सैल करण्याचा अर्ज डोरीनने स्वतः पुढे सरकवला. शुक्रवारी दुपारी न्यायाधीशांनी पडद्यावरूनच निकाल दिला. मयूरा जामीन राहील, यतिनने आईला भेटून परत यावे, पासपोर्ट आजच त्याच्या हाती द्यावा. विमान शनिवारी सकाळी होते.

यतिन बाजूच्या खिडकीपाशी येऊन उभा राहिला. बॅग गाडीतच होती. त्याच्या हातातल्या फोनवर मिरजेहून आई दिसत होती. तिचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला.

"निघालास का रे?"

"हो आई, निघालो. हा काय, रस्त्यातच आहे."

"जेवून निघालास ना?"

"जेवलो गं. तू बोलू नकोस, दम लागेल."

डोरीन हसतमुखाने माझ्याकडे आली. तिने किल्ली घातली, फिरवली. माझे एक कुलूप सुटले. मग तिची नजर दुसऱ्या कुलपाकडे गेली आणि ती तशीच उभी राहिली. मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असते तर मी किंचाळले असते.

तिने ग्लेनला फोन लावला. तो घरात अडकला होता. त्याची मुलगी वृद्धाश्रमात काम करायची. तिच्यासोबत त्याचीही तपासणी झाली होती आणि निकाल येईपर्यंत उंबरा ओलांडायला बंदी होती.

"मी किल्ली लेटरबॉक्समध्ये ठेवतो, डोरीन. घेऊन जा. कुणाला कळणार नाही."

"दोन्ही किल्ल्या एका हातात? इथे आत्ता मी एकटीच आहे. ग्लेन, नियम आहे तो."

"मग विचार वर. पण लवकर विचार."

तिने वर विचारले. फोन केला, ईमेल केली, पुन्हा फोन केला. तिथले सगळे घरून काम करत होते. शेवटी उत्तर आले की सुरक्षेचा प्रश्न आहे, संबंधित अधिकारी सोमवारी कळवतील. डोरीन माझ्यासमोर फरशीवर बसली. मास्कच्या आत तिचे ओठ हलत होते. ती बहुधा प्रार्थना म्हणत असावी. गाडीची किल्ली तिच्या मुठीत होती. आता उठेल, ग्लेनच्या घरी जाईल, असे मला वाटत राहिले. जन्मभर मी ज्या नेमाचा अभिमान बाळगला, तो तिने मोडावा म्हणून मी तळमळत होते.

ती उठली नाही. तिने नियम पाळला.

खिडकीपाशी जाऊन तिने त्याला सांगितले. यतिन ओरडला नाही. "आंटी, मी तिला सांगितलंय, रस्त्यात आहे म्हणून," एवढेच तो म्हणाला. अंधार पडेपर्यंत त्याची गाडी पार्किंगमधून हलली नाही.

विमान गेले. आई रविवारी गेली. लेक रस्त्यात आहे, याच समजुतीत गेली.

सोमवारी वरून उत्तर आले. किल्ली लेटरबॉक्समधून आणण्यास हरकत नाही. ग्लेनची तपासणीही ठीक निघाली, तेव्हा तो स्वतःच आला. दोघांनी मला उघडले. सासूबाई म्हणून कुणी हाक मारली नाही. हुकूम होता म्हणून डोरीनने यतिनला बोलावले आणि खिडकीतून पासपोर्ट पुढे केला.

त्याने हात पुढे केला नाही. "आता कशाला, आंटी? असू द्या तिथेच." मग म्हणाला, "तुमची चूक नाही." ते ऐकून डोरीनने पासपोर्ट छातीशी धरला आणि तोंड फिरवले.

तो पुन्हा माझ्या खणात आला. अजून तिथेच आहे. यतिनच्या केसला पुढची तारीख मिळाली आहे. गट मोडले, माणसे परत आली, माझ्या डोक्यावर पुन्हा चहाचे मग आले. मला उघडायचे असले की डोरीन आता दुसऱ्या कुणाला तरी पुढे करते.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. नेम पाळणे मला जमते, कळवळणे जमले तरी हलता येत नाही. तुम्हाला येते. कुणाची वस्तू तुमच्या ताब्यात असेल तर ती जपा, कुलूपही लावा. पण ते लावताना, ती मागायला येणारा माणूस एकदा डोळ्यांपुढे आणा. त्याच्या हातातल्या फोनवर कुणीतरी विचारत असेल, निघालास का रे?