चार तासांचं कुवेत

शहात्तर सालची गोष्ट. आमचा धाकटा भाऊ चंद्रभान परभणीला वेल्डिंग शिकला आन त्याला थेट कुवेतची नोकरी लागली. माय म्हणली, समुंदराच्या पल्याड लेकरू धाडायचं न्हाई. दोन दिवस चूल पेटवली न्हाई बाईनं. चंदर तोंड पाडून बसला. त्याच्याकडं बघून मलाच राहवलं न्हाई.

म्या म्हणलं, "माय, मुंबईहून इमानात बसलं का चार तासात कुवेत. आपल्या कमलला सोनपेठला दिलंय, तिच्याकडं जायला यष्ट्या बदलून आख्खा दिवस जातो. मंग सांग, जवळ कोणतं?"

एजंटानं सांगितलेलंच सांगितलं, पदरचं काही घातलं न्हाई. मायचा चेहरा खुलला. मुंबईच्या रेल्वेपुरत्या दशम्या तिनं करून दिल्या. म्हणली, पुढं चार तासात काय भूक लागती? आन बाजाराला जाणाऱ्याला द्यावा तसा दारातूनच निरोप दिला. दोन वर्सांचा करार हाय हे बी तिला सांगितलं व्हतं. पण चार तास तेवढे कानात बसले, दोन वर्सं काही बसली न्हाईत.

आमच्या घरची रीत अशी, का रानात न्हाईतर बाजाराला गेलेल्या माणसाची भाकर सांजच्याला दुरडीत झाकून ठेवायची. लांबच्या गावी गेलेल्याची ठेवायची न्हाई. चंदर गेला तशी माय रोज त्याची भाकर झाकून ठेवायला लागली. आमच्या पेडगावात शेवटची यष्टी येऊन जाईपर्यंत तोंडात घास न्हाई. ती गार भाकर मंग सकाळी आपणच पाण्यात कुस्करून खायची. आधीच मूठभर बाई, ज्वारी काढायला आली तवर पार वाळून गेली. माझी बायको म्हणली, तुमीच सांगितलं, आता तुमीच निस्तरा.

एका सांजी माझं डोकंच फिरलं. दोन वर्सं येणार न्हाई त्यो, म्हणून वरडलो.

माय शांतपणानं म्हणली, "चार तासांच्या गावाहून यायला दोन वर्सं कशाला लागत्यात रं? मालक चांगला आसंल तर सोडील की एखाद्या सांजी."

राग कुठल्या कुठं गेला. तिच्याजवळ भुईवर बसलो.

"माय, तास सोड. वाट सांगतो. इथून नऊशे कोस धर. बैलगाडी जुपून निघालं तर दोन-अडीच महिने, ते बी मधला समुंदर आटला तर."

"बैलांचा इसावा धरून?"

"धरून."

"लय दूर गेलं रं लेकरू," माय म्हणली, आन दारात रडायचं राहिलं व्हतं ते तवा रडली. मंग मलाच बोलली, "आधीच दूर सांगायचं व्हतंस. म्या नीट वाट बघितली आसती. जवळ म्हणलास, म्हणून रोज दाराकडं बघावं लागलं."

डोळे पुसून तिनं दुरडीतली भाकर काढली, अर्धी मला दिली, अर्धी आपण खाल्ली. यष्टी अजून यायची व्हती.

दुसऱ्या सांजी तिनं मोजून एक भाकर कमी थापली. ते बघून मातर मलाच रडू फुटलं. माय पिठाच्या हातानंच माझी पाठ थोपटत बसली.