उरलेलं कार्ड

बयाबाईनं पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं कार्ड काढलं आणि मोहनलाल शेठच्या पुढ्यात, तांदळाच्या नमुन्यांच्या वाट्यांशेजारी ठेवलं.

"शेठ, ह्ये तुमीच धाडलंय ना?"

शेठनी चष्मा लावला. कार्ड त्यांचंच होतं. संवत्सरीला जैन घरांतून जातं तसलं छापील पोस्टकार्ड: वर्षभरात कळत-नकळत आमच्याकडून आपलं मन दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागतो, मिच्छामि दुक्कडम्. पत्ता मात्र नातीच्या, रिद्धीच्या, अक्षरात होता: रखमाजी हमाल, मु. पो. मढ. रखमाजीला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि समोर उभी होती ती त्याची बायको.

हे घडलं शेठच्याच स्वभावापायी. त्या स्वभावाचा जुन्नरच्या पेठेत मोठा लौकिक होता. पोत्याची सुतळी सोडून, गाठी मारून तिचा गोळा व्हायचा. दुकानातला दिवा गिऱ्हाईक पायरी चढल्यावरच लागायचा. घरी त्यांची बायको उगमबाई आल्या-गेल्याला अर्धाच कप चहा देऊन देऊन खाली मान घालायला शिकल्या होत्या. तुपात पडलेली माशी शेठ चाटून सोडतील, जैन आहेत म्हणून माशी जिवंत सुटेल एवढंच, असं लोक म्हणायचे. तर त्या वर्षी छापखान्यातून पन्नास कार्डं आली आणि नातेवाइकांची घरं मोजून एकोणपन्नास निघाली. एक उरलं. टाकून देणं शेठना सोसवेना. "वाया नको घालवू, घाल कुणाचंही नाव," असं त्यांनी नातीला सांगितलं आणि त्या पोरीनं दुकानाच्या जुन्या वहीत पहिलं दिसलं ते नाव घातलं.

बयाबाईनं पदर सारखा केला. मढहून पहिल्या एसटीनं निघाली होती बिचारी, पावसानं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं.

"मास्तरनी वाचून दावलं. मेलेल्या मानसाची माफी कोन मागत न्हाई, शेठ. मागितली म्हंजी काय तरी झालं आसंल. काय झालं व्हतं?"

पोरीच्या हातून चुकून गेलं, एवढं म्हटलं की संपलं. खोटंही नव्हतं ते. शब्द जिभेवर आला होता. पण दारात टेम्पोत पोती चढवणारा सावळेराम ड्रायव्हर तेवढ्यात थांबला आणि पाठीवरचं पोतं तसंच धरून आत बघत राहिला. त्याला सगळं ठाऊक होतं.

शहाण्णव सालची गोष्ट. सोमवारी सकाळी पोती शिवता शिवता रखमाजी छातीला हात लावून खाली बसला. गल्लीतल्या डॉक्टरनं बघितलं आणि आत्ताच्या आत्ता नारायणगावला न्या म्हणून सांगितलं. टेम्पो दारात उभा होता, अर्धा भरलेला. तसाच सोडला तर मालाला दुसरी खेप पडणार, डिझेल दुप्पट जाणार. शेठ म्हणाले, "एसटी येईलच आता." रखमाजीनं हातातलं दाभण पुसून खिळ्याला अडकवलं आणि सावळेरामच्या खांद्याला धरून स्टँडवर गेला. एसटी आली ती तासाभरानं. नारायणगावच्या स्टँडवर उतरवला तेव्हा तो संपला होता. बयाबाईला शेठनी सांगितलं की टेम्पो पुण्याला गेलेला होता, नाहीतर काय आपण पाठवला नसता?

"बोला की," बयाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग तीच सांगायला लागली. त्या दिवशी पहाटे तो म्हणाला होता, छाती जड वाटते, आज राहतो. तिनंच त्याला उठवून लावलं, शेठ खाडा धरतील म्हणून. "तवापासून मी येकच टायम भाकर खाती. त्याला मी धाडलं, मी मारलं. गुन्हा माजा हाय. मग तुमी माफी कशापायी मागता, त्ये इचारायला आले."

अर्धा चहा, न लावलेला दिवा, गाठी मारलेली सुतळी यांत शेठचा जन्म गेला होता. आपल्या काटकसरीपायी मढच्या एका घरात तीन वर्षं एक भाकरी कमी भाजली जातेय, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला.

"बयाबाई, टेम्पो पुण्याला गेला नव्हता. दारात होता."

सावळेरामनं पाठीवरचं पोतं खाली ठेवलं.

"अर्धा भरलेला होता. दोन खेपा पडल्या असत्या, म्हणून नाही पाठवला."

तीन वर्षं मनात हे वाक्य व्यवहाराचं वाटत आलं होतं. तोंडातून बाहेर पडल्यावर त्यांनाच ते ऐकवेना.

तिनं विचारलं, "त्यो काय म्हनला?"

"म्हणाला, चालतंय शेठ."

बयाबाईनं मान हलवली. असंच म्हणाला असणार, तिला नवल वाटलं नाही. मग डोळ्यांना पदर लावून ती रडली, दुकानाच्या पायरीवर बसून, अगदी हळू. शेठ उभेच राहिले. रडून झाल्यावर तिनं आत बघितलं. खिळ्यावर ते दाभण तसंच लटकत होतं, गंजलेलं. ते तिनं मागितलं. शेठनी दोन्ही हातांनी दिलं.

"माफ केलं म्हनायला मला जमायचं न्हाई, शेठ," ती म्हणाली. "पर आजपासून दोन टायम जेवन."

शेठनी घाईघाईनं सावळेरामला हाक मारली, पोती उतरव, बाईंना मढला सोडून ये. पण ती पायरी उतरलीसुद्धा.

"नगं. येष्टी येईलच आता."

हे वाक्य कुणाचं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. शेठ गादीवर जाऊन बसले.

ती दिसेनाशी झाल्यावर ते उठले आणि स्वतः टेम्पोतली पोती खाली घ्यायला लागले. कुणी आजारी आहे का, म्हणून सावळेरामनं विचारलं. कुणी नाही, शेठ म्हणाले. त्या दिवसापासून टेम्पोची किल्ली दाभणाच्या रिकाम्या खिळ्याला लागली आणि आजारी माणसाला न्यायचं असेल तर विचारायला थांबायचं नाही, असं त्यांनी पेठेत सांगून टाकलं. म्हातारपणी शेठना दातृत्वाचा झटका आला, असं लोक म्हणाले. टेम्पोतून बाळंतिणी दवाखान्यात पोचल्या, सर्पदंशाचा एकजण पोचला, तो वाचलाही. मढहून मात्र कसलाच निरोप आला नाही.

पुढच्या संवत्सरीला पुन्हा पन्नास कार्डं आली. एकोणपन्नास लिहून झाल्यावर रिद्धीनं उरलेलं हातात घेतलं आणि विचारलं, "दादाजी, यावर कुणाचं नाव घालू?"

"राहू दे," शेठ म्हणाले. "वाया जाऊ दे ते."