चाळलेली वाळू

आमच्या मागच्या अंगणात चार कोंबड्या आहेत आणि त्यांच्यावर जीव टाकणारे माझे सासरे. त्यांनी आयुष्यभर गवंडीकाम केलं. गेल्या वर्षी ठेकेदाराने त्यांना घरी बसवलं. म्हणाला, आता यंत्राने चाळलेली वाळू पिशवीतून येते, हाताने चाळत बसायला वेळ कुणाला आहे? तेव्हापासून बाबांची वाचाच बसली. कोंबड्या आणल्या तेव्हा कुठे तोंड उघडलं. बोलायचे ते कोंबड्यांशी, माझ्याशी नाही. पण म्हटलं, बोलतायत ना, पुष्कळ झालं.

आणि मग मांजरं आली. गल्लीतल्या झाडून सगळ्या मांजरांनी खुराड्यापुढच्या कुंपणात, बाबांनी कोंबड्यांसाठी घातलेल्या वाळूत, आपला संडास थाटला. शेजारच्या नर्सबाई रात्रपाळी करून सकाळी झोपतात आणि त्यांची खिडकी नेमकी तिथेच उघडते. एक दिवस त्या नाकाला रुमाल लावून दारात उभ्या.

"वहिनी, मला भांडायचं नाहीये. पण रविवारपर्यंत हा वास गेला नाही, तर मी घरमालकांना सांगणार."

घरमालक काय करतील हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. कोंबड्या जाणार आणि बाबा पुन्हा गप्प होणार. मला धडकीच भरली.

बाबा कंबर कसून कामाला लागले. लिंबाच्या साली पसरल्या, त्या कोंबड्यांनी उधळून दिल्या. कुंपणावर जाळी ताणली, तर लठ्ठ बोका तिच्यावर ऐसपैस बसला आणि जाळीसकट खाली आला. मग पाण्याचा पाइप घेऊन ते दबा धरून बसले. भिजले ते माझे वाळत घातलेले कपडे.

शुक्रवारी मी तेच कपडे पुन्हा पिळत होते, तर बाबा घाण झालेली वाळू काढून नवी घालताना दिसले. नुसती घालत नव्हते, चाळून घालत होते! मग थापीने सपाट केली, एक डोळा मिटून पातळी बघितली, आणि पाठ वळवतात तोच बोका आत शिरून कामाला बसला.

माझं डोकं सणकलं.

"अहो बाबा, मांजरांना हाकलताय की पाहुणचार करताय?"

"कोंबड्यांच्या पायांना खडे टोचतात गं," बाबा ओशाळून म्हणाले.

"त्या जन्मभर खड्यांतच उकरतात! तुम्ही आधी इथे जाड खडी टाका. त्यांच्या लोळण्यापुरती वाळू टबात घाला आणि त्या बाहेर आल्या की टबावर झाकण. ही तुमची मऊ वाळू त्या टोकाला, भिंतीशी न्या. मांजरांना जायचंय तर तिथे जाऊ देत."

रविवारी नर्सबाई आल्या. खिडकीखाली हुंगलं, खुराड्यापाशी हुंगलं, आणि रुमाल पर्समध्ये टाकला. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांची नजर अंगणाच्या टोकाला गेली. तिथे विटांचा नेटका चौकोन होता, कडांना गुळगुळीत गिलावा. आत बोका होता आणि बाहेर दोन मांजरी खोळंबल्या होत्या. पलीकडे तसाच दुसरा चौकोन रिकामा होता.

"तो दुसरा कशाला?" बाईंनी विचारलं.

"त्यात पिशवीतली वाळू आहे," बाबा म्हणाले. "मुद्दाम ठेवून बघितली. एकीनंही ढुंकून पाहिलं नाही."

आणि वर्षभरात पहिल्यांदाच ते खो खो हसले.