दिवसभर राबणारं इंजिन

बेलापूरजवळच्या एका पाणी सोसायटीचे सेक्रेटरी सूर्यभानराव यांना आपल्या कानांचा भारी अभिमान. नदीकाठी सोसायटीची दोन डिझेल इंजिनं, एक वरच्या अंगाला, एक खालच्या; दोन्हींच्या पाण्याखाली सारखीच जमीन. कुठलं किती वेळ चाललं, हे सूर्यभानराव ओट्यावर आडवे पडून, पान चघळत, नुसत्या आवाजावरून सांगत. नदीपर्यंत चालत जायला नको म्हणून काढलेली ही युक्ती त्यांना स्वतःला मात्र मोठी शास्त्रीय वाटे.

बाहत्तरच्या दुष्काळात नदीत एकच डोह उरला. दोन इंजिनांपुरतं पाणी नव्हतं, म्हणून एक विकायचं ठरलं. कुठलं, ते अर्थातच सूर्यभानरावांनी सांगायचं.

"वरचं दिवसभर राबतंय," ते सभेत म्हणाले. "खालचं दुपारीच मान टाकतंय. आळशी जनावर दावणीला कशाला ठिवायचं?"

हशा पिकला, ठराव झाला. आपल्यासारखा माणूस खरं तर जिल्ह्याला हवा, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

त्यांचं स्वतःचं शेत वरच्या इंजिनाखाली होतं. बायको, मुक्ताबाई, सारखी सांगायची, "अवो, गव्हाला पानीच येत न्हाई."

"अगं, इंजिन दिवसभर चालतंय न्हवं? मग येतंयच पानी!"

सोनईच्या लोकांनी विकत घेतलेलं खालचं इंजिन गावातल्या आसारामच्या बैलगाडीत चढलं, त्या दिवशी सूर्यभानराव मोठ्या ऐटीत शेतावर गेले. गहू पिवळा पडून माना टाकत होता. वरचं इंजिन ढोल बडवावा तसं धडधडत होतं आणि पाटात पाणी करंगळीएवढं. फुटक्या पायपातून इंजिन नुसती हवा ओढत होतं. खालच्या अंगाचा गहू मात्र हिरवागार. खालचं इंजिन दुपारी थांबायचं, कारण तोवर सगळं भिजून झालेलं असायचं. वरचं दिवसभर चालायचं, कारण त्याच्याच्यानं भिजवणं होतच नव्हतं.

सूर्यभानराव गर्रकन वळले. धोतराचा सोगा धरून ते गाडीमागे पळत सुटले. पळता पळता त्यांनी एकाहून एक सरस थापा जुळवल्या, पण शिवेवर गाडी गाठली तेव्हा थाप मारण्याइतकाही दम उरला नव्हता.

"माघारी फिरव," ते म्हणाले. "हेच इंजिन चांगलं हाय. मी चुकलो. सोनईवाल्यांना मी सांगतो."

आसारामने बैल थांबवले. "आन् वरचं?"

"नुसतं वाजतंय. माझा गहू गेला."

"मंग वहिनी कधी काय बोलल्या न्हाईत व्हय?"

सूर्यभानरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रोज बोलायची," ते म्हणाले. "पर मी इंजिनाचं ऐकत हुतो."